तुमचा पॉइंट गार्ड कोण : सात, चार की अकरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा तुमचा बास्केटबॉल क्लब यंदा खुल्या गटात चांगला खेळतोय, पण उपांत्य फेरीत दोनदा अडकला. संघात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ मांडणारे, तीन. सात नंबर वेगवान, हँडलिंग जबरदस्त, संघात सगळ्यांत जास्त गुण त्याचेच. चार नंबर तिशी ओलांडलेला, नोकरी सांभाळून खेळणारा, डोकं थंड. अकरा नंबर एकोणीस वर्षांचा, डिफेन्सला चिकट, पण लांबून शूट करत नाही. माजी खेळाडू, पालक आणि सोसायटीतली मंडळी यांच्यात या तिघांवरून तट पडलेत. पुढच्या महिन्यात नेरुळच्या स्पर्धेत सुरुवात कोणी करावी, यावर तुम्हाला माझं मत हवंय. सोबत चार सामन्यांची मोबाइलवर केलेली चित्रणं पाठवलीत. ती मी सगळी पाहिली, दोन तर दोनदा पाहिली.

मी स्वतः गार्ड म्हणून खेळले आणि गेली चोवीस वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत मुलामुलींना शिकवतेय. उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मग. सुरुवात अकरा नंबरने करा. पहिला क्वार्टर संपत आला की सात नंबरला आणा, आणि तो आला की पिव्होटची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, जागा बदला. शेवटची दोन मिनिटं चार नंबरच्या हातात द्या.

तुमच्यातल्या निम्म्यांना हे पटणार नाही. तुमचा वाद मी वाचला, त्यात प्रत्येकजण ‘तिघांत चांगला कोण’ हेच विचारतोय. त्याचं उत्तर सोपं आहे : सात नंबर. एकास एक खेळवलं तर तो बाकी दोघांना सहज हरवेल. पण गार्ड बदलला की उरलेल्या चौघांचा खेळ बदलतो, आणि सामना त्या पाचांचा असतो. म्हणून मी चित्रणं बघताना गार्डकडे कमी आणि बाकीच्या चौघांकडे जास्त बघितलं.

ते चौघे मला असे दिसले. तुमचा पिव्होट सहा फूट चार इंच असेल, पण त्याची खरी देणगी उंची नाही, हात आहेत. रिंगकडे पाठ करून उभा असताना त्याला मागचं दिसतं. असा पिव्होट आपल्याकडे स्थानिक खेळात दहा वर्षांत एखादा मिळतो. डावखुरा विंग, म्हणजे कडेने खेळणारा, धावायला कधी कंटाळत नाही. कोपऱ्यातला शूटर पाय रोवून, दोन्ही हात तयार ठेवून उभा असेल तरच टाकतो. धावत्या पासवर त्याचा शॉट बिघडतो. आणि चौथा फॉरवर्ड रिबाउंड काढतो, स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो, आणि बोलत नाही. हा संघ पिव्होटभोवती बांधायचा संघ आहे. त्याला गार्ड असा हवा, जो पिव्होटपर्यंत बॉल योग्य वेळी पोचवेल आणि मग रस्त्यातून बाजूला होईल.

दुसऱ्या सामन्याचा दुसरा क्वार्टर परत लावून बघा. अकरा नंबर उजवीकडे, फ्री थ्रो रेषेच्या सरळ रेषेत बाहेर उभा आहे. पिव्होट रिंगच्या बाजूला, ब्लॉकच्या खुणेजवळ, आणि त्याचा डिफेंडर वरच्या बाजूने अर्धा पुढे आलेला, म्हणजे सरळ पास दिला तर हात लागणार. पिव्होट डावा हात खाली, बेसलाइनच्या म्हणजे रिंगमागच्या रेषेच्या बाजूला उघडतो. अकरा फक्त एक ड्रिबल खाली घेतो. त्या एका ड्रिबलने कोन बदलतो आणि जो डिफेंडर मध्ये होता तो आता पिव्होटच्या पाठीमागे जातो. अकरा बॉल डोक्यावर नेऊन वरून पास देणार असं दाखवतो, त्याच्यावरचा मुलगा हात वर करतो, आणि त्याच्या बगलेखालून बाउन्स पास नेमका त्या उघडलेल्या हातात जातो. कोपऱ्यातल्या डिफेंडरने मान वळवून पिव्होटकडे पाहिलं, तेवढ्यात पिव्होटने न वळता बॉल कोपऱ्यात फेकला. शूटर तयारच होता. तीन गुण.

स्कोअरशीटवर गुण शूटरचे, असिस्ट, म्हणजे शॉटआधीचा पास, पिव्होटचा, अकराच्या नावापुढे कोरी जागा. तुमच्या चर्चेत या बास्केटचा उल्लेख एकदा आलाय, तोही ‘काय शॉट मारला’ एवढाच.

आता तिसरं चित्रण, हरलेली उपांत्य फेरी. पूर्वार्धात सात नंबर होता तेव्हा पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पिव्होटच्या हातात बॉल किती वेळा गेला ते मी मोजलं. चार वेळा. अकरा त्याच्याहून कमी वेळ खेळला आणि तेवढ्यात नऊ वेळा. आणखी एक गोष्ट मोजता येत नाही पण दिसते. सात नंबर बॉल घेऊन निघाला की पिव्होट दुसऱ्या बाजूला चालत जातो. अकरा निघाला की तो धावत जातो, कारण त्याला माहीत आहे की आधी पोचलं तर बॉल मिळेल.

ही धाव गमावणं काय असतं ते मी भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक संघ होता. मी सगळ्यांत हुशार स्कोअररला पॉइंट केलं, कारण बॉल सर्वोत्तम खेळाडूच्या हातात असावा असं मला वाटायचं. सुरुवातीचे सामने आम्ही जिंकलो. मग वाशीत एक सामना बारा गुणांनी हरलो, रिबाउंडमध्ये तर धुवून निघालो. परतीच्या वाटेवर ठाणे लोकलमध्ये मी पिव्होटला विचारलं, आज तू मागे का येत नव्हतास? तो दारापाशी बॅग पायात धरून उभा होता. म्हणाला, ‘मॅडम, मी पुढे धावून काय करू? बॉल तर येतच नाही. आणि मग मागे यायला पाय उचलत नाहीत.’ तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं, ऐरोली गेलं, मला काही बोलता आलं नाही. मुलगा खरं सांगत होता. हल्ल्यात ज्याला बॉल मिळत नाही त्याचा डिफेन्स आधी सुटतो, आणि तो आळशी झालाय असं आपण समजतो.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण हवं तर आपल्या दारात येऊन गेलेल्या दोन संघांचंच घ्या. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे दोन सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिला ज्यादा वेळेत गेला आणि पेसर्सनी 132-131 असा जिंकला. तुमच्यातले काहीजण तिथे असतील. तेव्हा किंग्जचा गार्ड होता डिॲरन फॉक्स, आणि पेसर्सकडे होता डोमँटास सबोनिस, पास देणारा पिव्होट. पुढच्या वर्षी किंग्जनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बाराव्या क्रमांकावर आणखी एक गार्ड घेतला, टायरिस हॅलिबर्टन. फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघेही उत्तम, आणि दोघांनाही बॉल हातात हवा. फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जनी हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन सबोनिसला आणलं. सॅक्रामेंटोचे चाहते चिडले होते, इतका गुणी मुलगा का सोडला म्हणून.

पुढे काय झालं? 2022-23 मध्ये किंग्जनी 48 सामने जिंकले आणि 2006 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, गाठली. त्या मोसमात सबोनिसचे सामन्यामागे सातहून जास्त असिस्ट होते, पिव्होट असून. तिकडे हॅलिबर्टनने पेसर्सचा अख्खा खेळ वेगवान केला, 2023-24 मध्ये असिस्टच्या सरासरीत एनबीएत पहिला आला आणि 2025 मध्ये संघाला अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. खेळाडू तेच दोन, फक्त आसपासचे चौघे बदलले, आणि दोन्ही संघ वर आले. दोघांत चांगला कोण, हा वाद सॅक्रामेंटोत कितीही वर्षं चालला असता तरी त्यातून हे कळलं नसतं.

इथे सात नंबरच्या बाजूची मंडळी मला अडवतील, आणि त्यांचं अडवणं रास्त आहे. फॉक्स तर वेगवान स्कोअरर, आणि त्याच्याबरोबर पास देणारा पिव्होट. मग आमचा सात म्हणजे फॉक्सच की! दिसायला हो. पण फॉक्स काय करायचा ते बघा. सबोनिस हाय पोस्टवर, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या आसपास बाहेर यायचा. फॉक्स त्याला बॉल द्यायचा आणि थांबायचा नाही. त्याच्या खांद्याला खांदा घासून धावत जायचा आणि त्याच्या हातातून बॉल परत घ्यायचा. याला आपण हँड-ऑफ म्हणतो. फॉक्सचा डिफेंडर सबोनिसच्या अंगावर आदळून मागे राहायचा, आणि फॉक्सला ड्रिबल न करताच एक पाऊल मोकळं मिळायचं. डिफेंडर हँड-ऑफकडे धावला की सबोनिस बॉल ठेवून घ्यायचा आणि कुणीतरी रिंगखाली मोकळा असायचा.

तुमचा सात नंबर पास दिल्यावर काय करतो? हात कमरेवर ठेवून उभा राहतो. चारही चित्रणांत बघा. बॉल गेला की त्याच्यापुरता खेळ संपला, परत मिळेपर्यंत. हा त्याचा स्वभाव आहे असं मी म्हणणार नाही, ही सवय आहे, आणि ती कुठून येते तेही मला माहीत आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची कोर्टं जवळजवळ चार महिने बंद असतात. घोडबंदरच्या काय आणि खारघरच्या काय, टॉवरमधली मुलं त्या काळात पार्किंगमध्ये ड्रिबल करतात. खांबांमधून, पायांमधून, पाठीमागून. हँडलिंग सुरेख तयार होतं. पण पार्किंगमध्ये समोर पास घ्यायला कुणी नसतं. पासनंतर धावायचं असतं हे अंगात मुरतच नाही, कारण पासच नसतो. मुंबईतल्या नागपाड्याची मुलं याच्या उलट. तिथे लहानपणापासून भरलेल्या कोर्टवर दाटीत खेळावं लागतं, बॉल धरून ठेवला तर दुसरा कुणीतरी काढून घेतो.

म्हणून सातला आणताना पिव्होटला खालून वर आणा. हाय पोस्टवर उभा करा, शूटर कोपऱ्यात, डावखुरा विंग दुसऱ्या बाजूला. सातसाठी सुरुवातीला नियम एकच ठेवा : कोर्टवर आल्यावर पहिल्या दहा हल्ल्यांत पिव्होटला बॉल देऊन त्याच्या खांद्यावरून धावायचं. परत बॉल मिळाला तर हवं ते कर. सरावात हे रोज पंधरा मिनिटं, आधी डिफेन्स न ठेवता, मग दोनास दोन. तीन आठवड्यांत तो फॉक्स होणार नाही. पण त्याचा वेग पहिल्यांदा संघाच्या कामाला येईल, आणि त्याचे गुणही कमी होणार नाहीत. मला तर वाटतं वाढतील.

आता अकरा नंबरवरचा मोठा आक्षेप : तो शूट करत नाही, त्यामुळे त्याचा डिफेंडर त्याला सोडून पिव्होटवर जाऊन बसेल. खरं आहे, बसेलच. उपांत्य फेरीच्या चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी नेमकं हेच केलं, आणि तुमच्याकडे उत्तर नव्हतं. बॉस्टन सेल्टिक्सचा राजन राँडो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. 2008 साली सेल्टिक्स एनबीए जिंकले तेव्हा त्यांच्याकडे गार्नेट, पिअर्स आणि रे ॲलन असे मोठे स्कोअरर होते, आणि राँडोला समोरचे संघ मुद्दाम मोकळा सोडत. त्याचं उत्तर राँडोने शूटिंगने दिलं नाही. सोडलेली जागा त्याने धाव घ्यायला वापरली. डिफेंडर पाच फूट मागे असेल तर पाच फूट वेग घ्यायला मिळतात.

तुमच्या अकराला तेवढं जमणार नाही, पण दोन गोष्टी आजपासून जमतील. पहिली : पास देऊन बाहेर उभं राहायचं नाही. त्याचा डिफेंडर पिव्होटकडे वळला की त्याच्या पाठीमागून बेसलाइनवरून रिंगखाली कट मारायचा. तुमच्या पिव्होटला मागचं दिसतं, म्हटलं ना, तो देईल. दुसरी : त्याला शूटरसाठी स्क्रीन लावायला पाठवा. ज्याचा डिफेंडर लांब उभा आहे त्याची स्क्रीन सगळ्यांत चांगली लागते, कारण शूटरसमोर उडी मारायला जवळ कुणी नसतं. आणि मधल्या अंतरावरून, फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावरून, दिवसाला शंभर शॉट. 6.75 मीटरचा तीन गुणांचा शॉट यंदा नको. रेषेच्या कोपऱ्यावरून दहापैकी चार जायला लागले तरी डिफेंडरला पुढे यावं लागेल.

नेरुळचं कोर्ट उघडं आहे हेही तुमच्या चर्चेत कुणी धरलेलं नाही. सिमेंटचं कोर्ट, संध्याकाळी खाडीकडून वारा. अशा वाऱ्यात लांबचा शॉट हातातून नीट सुटला तरी रिंगपाशी जाऊन हलतो. मग रिबाउंड लांब उडतात आणि समोरच्याला फास्ट ब्रेक, म्हणजे डिफेन्स जमायच्या आत धावून हल्ला, मिळतो. सिमेंटवर धूळ असली की बूट घसरतात. सातचा सगळा खेळ अचानक थांबून दिशा बदलण्यावर आहे, आणि चौथ्या चित्रणात तो दोनदा त्याच हालचालीत पडलाय. बुटांचे तळवे ओल्या फडक्याला पुसायला प्रत्येक डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला की, त्याला साइडलाइनवर यायला सांगा, ही साधी गोष्ट आहे पण करा. अशा कोर्टवर जवळचे गुण, पोस्टमधले गुण, फ्री थ्रो यांवर सामने जिंकले जातात. म्हणजे पुन्हा पिव्होट.

डिफेन्सबद्दल मला फार लिहावं लागू नये, पण लिहिते, कारण तुमच्या चर्चेत तो शब्द दोनदाच आलाय. 2021 मध्ये मिलवॉकी बक्स पन्नास वर्षांनी विजेते झाले. त्याआधीच्या मोसमापर्यंत त्यांच्याकडे गार्ड एरिक ब्लेडसो होता. त्याच्या जागी त्यांनी जरू हॉलिडे आणला. जानिस आणि मिडलटन हे स्कोअरर असताना त्यांना आणखी गुण करणारा नको होता, समोरच्या गार्डला झोपू न देणारा हवा होता. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात हॉलिडेचे 20 पैकी फक्त 4 शॉट गेले. तुमच्याकडे असं झालं असतं तर मध्यंतरालाच ‘काढा त्याला’ म्हणून आरडाओरडा झाला असता. पण तो सामना मिलवॉकीने जिंकला, कारण त्याने समोरच्या फीनिक्स सन्सचा गार्ड ख्रिस पॉल याला चैन पडू दिलं नाही. पाचव्या सामन्याच्या शेवटी एका गुणाची आघाडी असताना त्याने सन्सच्याच बुकरच्या हातातून बॉल काढला आणि पुढे धावणाऱ्या जानिसला वरून फेकला. सगळ्यांना जानिसचा तो डंक, उडी मारून रिंगमध्ये आदळलेला बॉल, आठवतो. मला त्याआधीचे ते हात आठवतात.

अकरा नंबरकडे तसे हात आहेत. पहिल्या सामन्यात त्याने समोरच्या गार्डला मागच्या कोर्टमध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अर्ध्यातच, इतकं वळवत ठेवलं की त्यांचा हल्ला सुरू व्हायला दरवेळी दहा-बारा सेकंद गेले. एका हल्ल्याला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांपैकी निम्मे. स्कोअरशीटमध्ये याचा रकाना नाही. मात्र त्याच्या फाउलकडे लक्ष ठेवा. पहिल्या क्वार्टरमध्ये दुसरा फाउल झाला की लगेच बाहेर. चिकट डिफेंडर पाच फाउलांवर बाहेर बसला तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुमची योजना कोसळेल. हातांनी न अडवता छातीने आणि पायांनी अडव, हे त्याला सारखं सांगत राहावं लागेल.

प्रेसचं, म्हणजे मागच्या कोर्टपासूनच अंगावर येणाऱ्या डिफेन्सचं, सांगायलाच हवं, कारण उपांत्य फेरी तुम्ही प्रेसवर हरलात. मागच्या कोर्टमधून आठ सेकंदांत बॉल मध्यरेषेपलीकडे न्यायचा असतो, आणि 28 मीटरच्या कोर्टमध्ये ते अंतर फारतर 14 मीटर. सात नंबर ते ड्रिबलने कापायला जातो. एकाला चुकवतो, दुसरा येतो, साइडलाइनला कोंडी होते. प्रेस ड्रिबलने फोडायचा नसतो, पासने फोडायचा असतो. पिव्होटला मध्यरेषेच्या अलीकडे मधोमध उभा करा. अकराने बॉल घेतला, दोघे अंगावर आले की बॉल मध्ये पिव्होटला, तिथून धावणाऱ्या डावखुऱ्याला. तीन पास. मी चित्रण थांबवून थांबवून पाहिलं, उपांत्य फेरीच्या त्या पाच मिनिटांत पिव्होट मध्यभागी हात वर करून सहा वेळा मोकळा होता. सहाही वेळा बॉल तिकडे गेला नाही.

चार नंबरबद्दल तुमच्यात फारसा वाद नाही, त्याला सगळे मान देतात पण ‘आता दमतो’ म्हणून बाजूला ठेवतात. तो दमतो हे खरं. चाळीस मिनिटं त्याच्याकडून मागू नका, दहा मागा, आणि त्यांतली शेवटची दोन नक्की. कारण फ्री थ्रो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून पुढे डिफेन्सच्या प्रत्येक फाउलवर दोन फ्री थ्रो. तुम्ही थोड्या गुणांनी पुढे असाल तर समोरचे मुद्दाम फाउल करणार, आणि ते अकराला शोधणार, कारण तो शॉटमध्ये कच्चा. बॉल चारच्या हातात असेल तर त्यांना तो पर्याय उरत नाही. चित्रणांत मला त्याचे अकरा फ्री थ्रो दिसले, दहा आत. दरवेळी तो दोनदा बॉल आपटतो, श्वास सोडतो, मगच टाकतो. गुडघे वाकतात तेही प्रत्येक वेळी तेवढेच.

हा वाद मिटवायचा असेल तर माझ्या शब्दावर मिटवू नका. नेरुळच्या आधी तुमचे सरावाचे चार सामने आहेत. तुमच्यातले दोघे वही घेऊन बसा, शक्यतो एकजण सातच्या बाजूचा आणि एक अकराच्या. कोण गार्ड कोणत्या मिनिटाला आला आणि गेला ते लिहा, आणि त्या वेळी दोन्ही संघांचे गुण. त्यावरून तो कोर्टवर असताना संघ किती पुढे गेला किंवा मागे आला ते निघेल. दुसरा रकाना, पिव्होटच्या हातात बॉल किती वेळा गेला. तिसरा, बॉल किती वेळा फुकट गमावला. त्याने स्वतः किती गुण केले ते लिहूच नका, ते स्कोअरशीटवर असतंच. चार सामन्यांनंतर वही उघडा आणि माझं म्हणणं चुकलेलं दिसलं तर जरूर बदला. एका सामन्यावरून मात्र ठरवू नका. समोरचा संघ कच्चा असला की सगळेच गार्ड चांगले दिसतात.

पाठीराख्यांना एक विनंती, आणि ही मी मनापासून करतेय. साइडलाइनवरून ‘शूट कर, शूट कर’ ओरडणं थांबवा. उपांत्य फेरीच्या चित्रणात ते इतकं स्पष्ट ऐकू येतं की अकरा नंबर एकदा पिव्होटकडे बघत असताना मान वळवून तुमच्याकडे बघतो. त्या एका सेकंदात पासची वाट बंद झाली. एकोणीस वर्षांच्या पोराला काका-मामांचा आवाज ऐकू येतोच. ओरडायचंच असेल तर चांगल्या पासला ओरडा. पास द्यायच्या वेळी त्याला माहीत असू द्या की तुम्ही तो बघताय.

आणि सात नंबरशी तुमच्या कोचने किंवा कर्णधाराने स्पर्धेच्या आधी एकट्याने बोलावं, संघासमोर नाही. त्याच्या वडिलांना ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळू नये, त्यांनाही आधी सांगा. त्याला ‘बेंचवर बसवतोय’ असं म्हणू नका, कारण तसं ते नाहीच. त्याला वही दाखवा. हँड-ऑफ करून दाखवा, शक्यतो पिव्होटलाच करायला लावा. पिव्होटने त्याला म्हणावं की मला बॉल दे, मी तुला परत देतो. हे शब्द पिव्होटच्या तोंडून आले तर त्यांचा उपयोग होईल. माझ्या त्या संघात हे बोलणं कधी झालंच नाही. ते दोघे एकाच लोकलने यायचे आणि दोन वेगळ्या डब्यांत बसायचे.

राहिला शेवटच्या दोन मिनिटांचा हिशेब. तो आधीच कागदावर लिहून ठेवा, त्या घाईत सुचत नाही. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी एक टाइमआउट हातात ठेवाच. त्या वेळात बॉल तुमच्या मागच्या कोर्टमधून आत टाकायचा असताना टाइमआउट घेतला, तर तो पुढच्या कोर्टमधून टाकायची मुभा कोचला असते. मग आठ सेकंदांचा प्रश्न राहत नाही, प्रेसची धार निम्मी होते, आणि अकराची तिथे तेवढी गरज उरत नाही. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायला मिळणारा वेळ, मात्र जास्तीत जास्त 14 सेकंदांचा मिळतो, त्यामुळे पहिला पास ठरलेला हवा. अकराला बाहेर काढा, चारला आत घ्या, सातला त्याच्या जोडीला ठेवा. त्या सात नंबरसाठी समोरच्यांचा सर्वांत चांगला डिफेंडर खर्च होईल. फॉरवर्डला विश्रांती द्या, डावखुरा बॉल आत टाकेल. पहिला पास चारला, पिव्होट हाय पोस्टवर, शूटर कोपऱ्यात हात तयार ठेवून. दोन-तीन गुणांनी पुढे असताना समोरच्यांनी उलट टाइमआउट घेतला, तर डिफेन्ससाठी अकरा परत आत.

शुक्रवारी संध्याकाळी मी ठाण्यात असते. पिव्होट आणि सात दोघांना घेऊन आलात तर हँड-ऑफ मी स्वतः करून घेईन. येताना ओलं फडकं आणा, आमच्या कोर्टवरही धूळ आहे.